चावलेला घास

पडद्यावर यांचं जठर दिसत होतं, शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखं गुलाबी, ओलं.

"जंतू जुना आहे, बहुधा लहानपणी कुणाच्या तरी उष्ट्यातून आलेला," डॉक्टर म्हणाले. "त्याच्यामुळेच हा कॅन्सर, लिम्फोमा, झालाय. पण औषधांनी जंतू मेला, की अशी गाठ पुष्कळदा विरून जाते."

इतकी वर्षं आम्ही याला पित्त म्हणत आवळासुपारी देत होतो!

मला तरुणपणच्या सासूबाई दिसू लागल्या, भाकरी स्वतः चावून, मऊ करून तान्ह्या यांच्या तोंडात घालणाऱ्या. त्या उबदार घासातूनच आला असेल का तो जंतू, मायेचं बोट धरून?

घरी आल्यावर हे आईसाठी आमटीत भाकरी कुस्करायला बसले. तिला आता दात नाहीत. चव बघायला बोट ओठांपर्यंत गेलं आणि तिथेच थांबलं.

"आई," हे म्हणाले, "मीठ तूच बघ."