माझ्या लग्नाचे कागद आणि अप्पा

अप्पांना उघडा कागद बघवत नसे. उघडं गटार, उघडी टाकी, जिन्यातल्या उघड्या वायरी यांच्याकडे विरारला चंदनसारमधल्या आमच्या बिल्डिंगचे सेक्रेटरी म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं शांतपणे पाहिलं. पण कागद उघडा दिसला की त्यांचा जीव वरखाली व्हायचा. हॉलमध्ये टीव्हीशेजारी त्यांनी लॅमिनेशनचं मशीन मांडलं होतं. रेशनकार्ड, डॉक्टरची चिठ्ठी, मुलीची लग्नपत्रिका, सगळं त्यातून निघालेलं. काकू म्हणायच्या, मी जरा बारीक झाले की मलाही घालतील त्यात.

एका सरकारी कचेरीत खिडकीच्या आत बसून ते निवृत्त झाले होते. विरारमधली निम्मी माणसं त्यांना ओळखायची, आणि त्यातली बरीचशी त्यांना बघून रस्ता ओलांडायची. त्यांना मात्र आपल्या कामाचा फार अभिमान. "'उद्या या' म्हणजे नकार नव्हे," असं ते समजावून सांगत. "माणसाला खरंच गरज आहे का, ते त्यात कळतं."

एकट्या पुरुषाला बिल्डिंगमध्ये भाड्यानं खोली द्यायला त्यांची एनओसी कधीच मिळाली नाही. लग्न न झालेला माणूस म्हणजे त्यांच्या लेखी अर्धवट भरलेला अर्ज. मी त्यांच्या डोळ्यांसमोर वाढलेला. वडील लवकर गेले, आठवीत शाळा सुटली, वालीवला एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये लागलो. तरी पंचविशी उलटल्यावर ते माझ्याकडेही संशयानं बघायला लागले. नावानं हाक त्यांनी मला कधी मारली नाही. "काय आठवी, आज कसली उसळ?" असं जिन्यात चारचौघांत विचारायचे. मी हसायचो. आत लागायचं, पण सेक्रेटरीला कोण बोलणार?

थायलंडमध्ये एका भारतीय हॉटेलात आचाऱ्याचं काम मिळालं, तेव्हा मला भीतीनं जेवण जात नव्हतं. अप्पांनी माझा जन्मदाखला मागून नेला आणि तासाभरात कडक करून आणून दिला. "आता समुद्रात पडलास तरी हरकत नाही," म्हणाले. "कागदाला काही होणार नाही."

थायलंडला आलो, आणि इथे मला नोई भेटली, हॉटेलला भाजी देणाऱ्या बाईंची मुलगी. लग्न करायचं ठरलं, आणि कळलं की लग्न दोन माणसांचं नसून कागदांचं असतं. परक्या माणसाला थाई मुलीशी लग्न करायचं तर आधी त्याचं कुठेच लग्न झालेलं नाही हे सिद्ध करावं लागतं. माझ्याकडे मागितलं ते आईचं प्रतिज्ञापत्र, ओळखीच्या वडीलधाऱ्याचं प्रतिज्ञापत्र, जन्मदाखला, आणि या सगळ्यांवर भारतातले सरकारी शिक्के. ते झालं की बँकॉकला आपल्या वकिलातीचा दाखला, त्याचं थाई भाषांतर, त्यावर इथल्या सरकारचा शिक्का, मग नोईच्या गावच्या कचेरीत नोंदणी. नोंदणी झाली तरच नवऱ्याचा व्हिसा. आमचं हॉटेल बंद व्हायला आलं होतं आणि त्याबरोबर माझा कामाचा व्हिसाही. त्याआधी कागद झाले नाहीत तर मी कायमचा चंदनसारला आणि ती इथे.

रजा काढून घरी गेलो. वडीलधारा माणूस म्हणून आईनं अप्पांचंच नाव घेतलं. त्यांनी आधी माझी उलटतपासणी केली.

"वालीवला कुणी नव्हती ना?"

"नाही हो अप्पा."

"नीट आठव. मला शपथेवर लिहायचंय."

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, कॅन्टीनवाल्याला कोण मुलगी देत होतं? तुम्ही लिहा बिनधास्त."

ज्यानं जन्मभर एकट्या पोरांना दारातून परत पाठवलं, त्यानं स्टॅम्पपेपरवर लिहून दिलं की सदर मुलगा अविवाहित असून त्याची वर्तणूक चांगली आहे.

मुंबईला शिक्क्याच्या खिडकीवर माझा जन्मदाखला कुणी नीट हातातही घेतला नाही. आतल्या बाईंनी तो नखानं टकटक वाजवला आणि सांगितलं, प्लास्टिकवर शिक्का मारत नाहीत, नवीन आणा. अप्पांना हे सांगितलं तर म्हणाले, त्या बाईला काम येत नाही. मग इस्त्री गरम करून ते स्वतःच प्लास्टिक सोडवायला बसले. प्लास्टिक निघालं. त्याला चिकटून माझं नाव, जन्मतारीख आणि आईचं नाव निघालं. कागदावर तेवढं गाव शिल्लक राहिलं. काकूंनी इस्त्रीचं बटण बंद केलं.

मी जन्मलो निर्मळला, आजोळी. ग्रामपंचायतीच्या त्या काळच्या नोंदी ज्या कचेरीत होत्या, तिथे अप्पा माझ्याबरोबर आले. आतल्या तरुण क्लार्कनं मान वर न करता 'उद्या या' म्हटलं. अप्पा कौतुकानं हसले, आपल्याच हाताखाली तयार झाला असावा तसे. दुसऱ्या दिवशीही तेच झालं, आणि त्यांचं हसू कमी झालं. आठवडा असाच गेला. मी बाकावर बसून पासपोर्टातली व्हिसाची तारीख परत परत बघत होतो, जणू बघून ती पुढे सरकणार होती.

मग एका सकाळी अप्पा बाकावरून उठले. देवळाबाहेर काढतात तशा चपला काढल्या आणि खिडकीपाशी जाऊन दोन्ही हात जोडले.

"साहेब, मीही खिडकीच्या आतलाच. लोकांना मी फार फिरवलंय, ते माझ्याकडून वसूल करा. पोराचं लग्न अडलंय, त्याला सोडा."

क्लार्क ओशाळला आणि स्वतः उठून आत गेला. दुपारी रजिस्टर सापडलं, संध्याकाळी दाखला हातात आला. बाहेर पडताना अप्पा पायानं चपला चाचपत म्हणाले, "आठवी, हे बिल्डिंगमध्ये बोलायचं नाही." मी नोईशिवाय कुणाजवळ बोललो नाही. लिहितोय, ते वेगळं.

व्हिसा संपायच्या आत आमची नोंदणी झाली. नवऱ्याच्या व्हिसाचा अर्ज केला आणि निकालाची वाट बघत असतानाच अप्पा गेले. त्या वेळी देश सोडला असता तर सगळं पहिल्यापासून करावं लागलं असतं. मी गेलो नाही. आईनं पाठवलेला त्यांचा फोटो मोठा करून घेतला, भिंतीवर लावला आणि हार घातला.

या व्हिसासाठी अर्जानंतर घरातले फोटोही मागतात, नवरा-बायको खरंच एकत्र राहतात हे दिसावं म्हणून. आमच्या जेवतानाच्या फोटोत मागे तो हार घातलेला फोटो आला होता. अधिकाऱ्यानं त्यावर बोट ठेवून हे कोण, म्हणून विचारलं. खिडकीपुढे माझी वाचा अजूनही बसते. तेवढ्यात नोई म्हणाली, "वडील." त्यानं अर्जाच्या कडेला काहीतरी लिहिलं आणि शिक्का मारला.

जिन्यात मी घाबरून तिला म्हणालो, अगं, शेजारी होते ते, सरकारी माणसाला खोटं कशाला सांगितलंस?

"शेजारी दुसऱ्याच्या लग्नासाठी हात जोडतात का?" तिनं विचारलं.

तो अधिकारी लिहून मोकळा झाला होता, आणि एकदा नोंद झाली की ती खरी, असं अप्पाच म्हणायचे.