न मारलेलं प्यादं
खोलीतल्या मित्राने तासगावहून आणलेला बेदाण्याचा पुडा उघडला आणि बेदाण्याला दिलेल्या गंधकाच्या धुरीच्या वासाबरोबर मला विश्रामबागेतल्या एका कॉलेजचा हॉल आठवला. समोर बुद्धिबळाला बसलेल्या तासगावच्या मुलाच्या शर्टालाही असाच वास होता. डाव बरोबरीत सुटला तरी विद्यापीठाच्या संघात माझी निवड होणार होती. माझ्याकडे राजा आणि एक प्यादं, त्याच्याकडे राजा आणि दोन घोडे. नुसत्या दोन घोड्यांनी मात लादता येत नाही, एवढं मला ठाऊक होतं. पण तो माझं प्यादं मारेना, घोडा पुढे ठेवून नुसतं अडवत राहिला. मागून कुणीतरी कुजबुजलं, “सोडतोय गड्या तुला!” ही दया होती की चेष्टा, मला कळेना. “मार की,” मी म्हणालो. “आसू दे,” तो हसला, “लागंल मला.” माझा राजा कोपऱ्यात कोंडला गेला. प्यादं नसतं तर मला चालच उरली नसती आणि डाव बरोबरीत सुटला असता. पण त्याने घोडा बाजूला घेतला, मला प्यादं सरकवावं लागलं आणि लगेच मात झाली. “घे की रं बेदाणा,” पुडा पुढे करत खोलीतला मित्र म्हणाला. ते न मारलेलं प्यादं अजून डोक्यात होतं. “का?” मी विचारलं.