हातमागाचा गळा

नगरमधल्या आमच्या गल्लीत घरोघरी हातमाग होते. बाहेरच्या खोलीत माग आणि आतल्या खोलीत संसार. दिवसभर असा खडखडाट की शेजारणीकडे चिमूटभर मीठ मागायचं तरी ओरडून मागावं लागे. पुढे माग मोडले, त्यांचं लाकूड बंबात गेलं, माणसं सुप्याच्या कारखान्यांत कामाला लागली. पण गल्लीचा आवाज काही खाली आला नाही. आजही तिथं दोघं प्रेमानं बोलत असले तरी परक्याला वाटतं, आता हाणामारी होणार.

मी सावेडीत फ्लॅट घेतला आणि आईला घेऊन आलो. पहिल्याच सकाळी तिनं मला चहाला हाक मारली, तर शेजारचे काका बनियनवरच धावत आले. "काय झालं हो?" आईनं त्यांनाही चहाला बसवलं, त्याच आवाजात. ते गेल्यावर मी चिडलोच. "आई, इथं सगळे हळू बोलतात!"

ती गॅलरीत गेली, सगळ्या मजल्यांवरची बंद दारं-खिडक्या बघून आली आणि जन्मात पहिल्यांदा कुजबुजली, "कोण गेलं रे?"