पेटीबाहेरचे मणी

फोन आला तेव्हा मी शेडमध्ये होते. हातात कात्री, मांडीवर द्राक्षाचा घड आणि समोर परदेशी जाणाऱ्या पेट्यांची थप्पी. पुण्याच्या दवाखान्यातून थोरले भाऊजी बोलत होते. "आक्का गेली," एवढंच म्हणाले. मी घड खाली ठेवला आणि काय सुचलं कोण जाणे, काम करणाऱ्या बायांवरच ओरडले, "हात का थांबले गं तुमचे?" बायांच्या कात्र्या पुन्हा चालू लागल्या. आक्का असती तर म्हणाली असती, "धाकटे, रडू आलं की तू भांडायला उठतेस." खरं आहे ते. आता महिना उलटून गेला, तरी हे लिहिताना मी तिच्याशी भांडतेच आहे. वाचणाऱ्यांनी तेवढं सांभाळून घ्यावं.

आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. मी लग्न होऊन जुन्नर तालुक्यातल्या या गावात आले तेव्हा ती अमेरिकेत होती, भाऊजींच्या नोकरीमुळे. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर दोघं कायमची परतली. बागेकडे बघायला घरचं आणखी एक माणूस हवं होतं. मला तर धडकीच भरली होती. म्हटलं, आता ही बया येणार, चुलीपासून मोरीपर्यंत नाकं मुरडणार. पण ती आली आणि दोन-चार दिवसांत शेडमध्ये मांडी ठोकून बसली. मूळची मंचरकडची, शेतकऱ्याचीच लेक. परदेशी पेटीत एकसारखे टपोरे मणी लागतात. बारीक, वाकडे, डागाळलेले मणी कात्रीने काढून टाकायचे. आम्ही ते पाटीत टाकायचो, नंतर मिळेल त्या भावानं विकायचो. आक्का मात्र एक पितळी पातेलं जवळ घेऊन बसायची, त्यातलेच चांगले निवडून धुवायची आणि चहाच्या वेळी सगळ्यांपुढे फिरवायची. "खाऊन बघा गं, चव तीच हाय." मला तो भिकारपणा वाटायचा, आणि तसं मी तिला बोलूनही दाखवायची.

तिकडे ती एका सरकारी शाळेत मदतनीस होती. काळ्यांची, गोऱ्यांची, मेक्सिकन, चिनी आणि आपल्या लोकांची, अशी सगळी मुलं एका छपराखाली. कात्री चालवता चालवता ती सांगायची आणि शेड गप्प होऊन ऐकायची. चिनी आई शाळा सुटली की गाडीतच पोराच्या हातात दुसरी वही द्यायची. मेक्सिकन आई मास्तरणीसमोर मान वर करायची नाही. आपल्याकडे गुरुजींपुढे कोण तोंड उघडतं, तसंच. पण तिथल्या मास्तरणी म्हणायच्या, हिला पोराची पर्वाच नाही. काळी आजी ठेवणीतले कपडे घालून यायची आणि नातवाला मागच्या बाकावर का बसवलं म्हणून तावातावाने विचारायची. ती झाली भांडकुदळ. आणि तेच, तितक्याच चढ्या आवाजात, गोऱ्या बापाने विचारलं की तो जागरूक पालक! "वागणं एकच गं," आक्का म्हणायची, "नावं तेवढी येगळी."

आमच्या सासऱ्यांना, आबांना, या गोष्टींतली एकच आवडायची. ते गावच्या हायस्कुलाच्या समितीचे अध्यक्ष. आल्यागेल्याला सांगायचे, "आमच्या सूनबाईला इचारा, अमेरिकेत पयला नंबर कुणाचा? आपल्या पोरांचा! रक्तातच हाय ते." आक्काही आधी होकार भरायची. एकदा मी गमतीत बोलून गेले, "अहो आक्का, तिकडे गेलं कोण? भाऊजींसारखी, बोर्डात आलेली माणसं. तो निवडून भरलेला माल! पेटी बघून कुणी बागेची पारख करतं होय?" आक्काची कात्री थांबली. माझ्या मनगटाला धरून म्हणाली, "धाकटे, हेच मला इतकी वर्षं सांगता येत नव्हतं. आपण निवडून गेलो. त्या काळ्यांच्या वाडवडलांना कुणी निवडलं नव्हतं गं, धरून नेलं होतं, आणि वर शाळेचं दार लावून घेतलं होतं. आणि आपण दोघांच्या पोरांचे मार्क शेजारी शेजारी ठेवून शहाणपणा शिकवतो." मी हसले. माझंच वाक्य माझ्याच डोक्यात हाणायला ती जपून ठेवतेय, हे मला काय ठाऊक!

हायस्कुलात आठवीपासून दोन तुकड्या होत्या. अ मध्ये बागायतदारांची आणि खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या केंद्रात नोकरीला असलेल्यांची मुलं. ब मध्ये बौद्धवस्तीतली आणि वसतिगृहात राहणारी, मढच्या डोंगराकडची आदिवासी मुलं. हे 'गुणांनुसार' असं सांगत. गणिताचे मास्तर ब वर जायचेच नाहीत, गेले तरी फळ्यावर उदाहरण टाकून बाहेर. माझी लेक सोनाली अ मध्ये पुढून दुसऱ्या बाकावर. मी त्यात सुखी होते, खोटं कशाला बोलू.

त्या वर्षी स्नेहसंमेलनात आक्काचं भाषण ठेवलं, 'परदेशातील आपल्या मुलांची प्रगती'. आबा पहिल्या रांगेत, फेटा बांधून. आक्काने शाळेतल्या त्या दोघी आया, ती आजी आणि तो गोरा बाप सांगितला, मग पेटी आणि बाग सांगितली. नंतर म्हणाली, "आपल्या शाळेतबी असंच हाय. वस्तीतला बाप इचारायला आला की भांडखोर. डोंगराकडचा आला न्हाई की बेफिकीर. आणि आमचे आबा ओरडले की त्यांना शाळेची काळजी!" टाळ्या पडल्या नाहीत. तेवढ्यात मागून यशवंत उठला. विहिरीवरच्या पंपांच्या जळक्या मोटारींत नवी तार भरून देणारा, वस्तीतला. त्याची नंदा ब मध्ये होती आणि मास्तर का येत नाहीत म्हणून तो शाळेत खेटे घालून थकला होता. "वहिनी, लई ब्येस बोललात. आमी ऐकलं. पण उद्या सकाळी ब तुकडीवर मास्तर येणार का, तेवढं सांगा."

आक्काने बायकांच्या रांगेत मला शोधलं. "येणार," ती म्हणाली. "उद्यापासून अध्यक्षांची नात ब मध्ये बसंल. मग न येऊन सांगतात कुणाला?"

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मला न विचारता, साऱ्या गावादेखत, माझी पोर! घरी येऊन मी भांडी आपटली. माझे यजमान गोठ्यात जाऊन बसले, भाऊजी वर्तमानपत्रात तोंड घालून. आबा ओसरीवर येरझाऱ्या घालत होते. आक्का नेहमीप्रमाणे त्यांचा चहा घेऊन गेली, तेव्हा ते बोलले, "दुसऱ्याच्या पोरीच्या जिवावर दानधरम करती व्हय? तुला असतं, तर बसवलं असतंस का?"

आक्काला मूल नव्हतं. घरात कुणी कधी तो विषय काढत नसे... तिने कप खाली ठेवला आणि स्वयंपाकघरात माझ्यासमोर येऊन उभी राहिली. वाटलं, आता रडेल. रडली नाही. "धाकटे, एकच सांग. सोनाली रक्तानं हुशार हाय, आबा म्हणतात ना? मग ब मध्ये बसली तरी हुशारच राहील. भितीस कशाला? आणि बाक बदलल्यानं ती मागं पडणार असंल, तर मग त्या पोरांना नावं कशापायी ठेवतो आपण?"

त्याचं उत्तर मला आजही सुचलेलं नाही, आणि त्याचाच मला राग आहे. सकाळी मी सोनालीची वेणी इतकी घट्ट घातली की पोर कळवळली. "जा," म्हटलं, "बस ब मध्ये. बघू काय होतंय ते." तिला काही वाटलं नाही, नंदाशेजारी जागा धरायची म्हणून धावत गेली. माझा मात्र दिवसभर जीव थाऱ्यावर नव्हता. संध्याकाळी आल्या आल्या विचारलं, "मास्तर आले होते?"

"आले की! तास संपला तरी हलंनात."

पुढच्या वर्षी समितीने तुकड्या मिसळल्या. आबांनी सही केली. नंदा आज नारायणगावला नर्स आहे, सोनाली पुण्यात बँकेत. त्या वर्गातली सगळीच मुलं वर आली असं नाही. काही मधेच गळाली, त्यांत बागायतदारांचीही होती. मी हे आक्काला ऐकवायची. ती म्हणायची, "मग? मी काय सगळे पास व्हतील असं म्हणलं व्हतं का?"

पण स्नेहसंमेलनाच्या त्या संध्याकाळपासून आबांनी तिच्या हातचा चहा घेतला नाही. ती नेऊन ठेवायची, तो निवून जायचा. इतकी वर्षं! आधी मला तो राग वाटला. मग हळूहळू कळलं, की म्हाताऱ्याला तिच्याकडे बघवतच नाही. बोललेलं परत घेता येत नव्हतं आणि माफी मागायची त्यांना सवय नव्हती. आक्कानेही चहा ठेवायचा सोडला नाही. दोघंही हट्टी.

परवा हंगामातल्या शेवटच्या पेट्या भरत होतो. आबा काठी टेकत शेडमध्ये आले. एरवी ते येत नाहीत. उभे राहून इकडेतिकडे बघत म्हणाले, "तिचं पातेलं कुठंय?"

पातेलं खिळ्याला टांगलेलं होतं, ती गेल्यापासून कुणी काढलं नव्हतं. मी ते काढलं, पाटीतले बारीक मणी निवडले, धुतले आणि त्यांच्यापुढे धरलं. बायांच्या कात्र्या थांबल्या. आबांनी एक मणी तोंडात टाकला, मग दुसरा. चावत राहिले बराच वेळ.

"गोड हायेत," ते म्हणाले. आणि पातेलं हातात घेऊन, आक्का बसायची त्या रिकाम्या पोत्यावर, काठी बाजूला ठेवून खाली बसले. "लई उशीर झाला गं, सूनबाई."

माझ्याकडे बघून म्हणाले. पण मी धाकटी. मला ते कधी सूनबाई म्हणत नाहीत.