झोपाळ्यावरचं प्लास्टिक

सुमे, समोर असतीस तर कान धरला असता तुझा. काल तुझ्या नव्या घरी आले. हॉलमध्ये सागवानी झोपाळा, पितळी कड्या आणि गादीवर अजून दुकानातलं प्लास्टिक! मी टेकले तशी ते करकरलं आणि तू आतून ओरडलीस, "मावशी, जपून गं! डाग पडेल."

राग आला मला, अजून गेला नाही. लहानपणी आमच्या चिंचेला दोर बांधून, त्यावर गोणपाट टाकून झुलायचीस. जेवायला हाका मारल्या तरी उतरायची नाहीस. तेव्हा काय होतं गं तुझ्याकडे? काल विचारलं, "बसतेस कधी?" तर म्हणे, "जरा स्थिरस्थावर झालं की."

अगं, घर झालं, बढती झाली, गुडघे बोलायला लागले. अजून काय व्हायचंय? सुख काही सामानाबरोबर टेम्पोतून येत नाही. कामं तशीच टाकून, आता बसायचंच, असं आपलं आपण ठरवावं लागतं. नसेल जमत, तर मोडीत घाल तो झोपाळा.

मी निघाले, तर तू प्लास्टिक पुन्हा ताणून बसवत होतीस. तेच डोळ्यांसमोरून हलत नाही.

चिंचेची ती फांदी अजून दणकट आहे. आज नवा दोर बांधून घेतलाय. साडी खराब होणार, आधीच सांगते. रविवारी ये.