डब्लिनहून हजर

देवाशपथ सांगतो, यातला शब्दन् शब्द खरा आहे. म्हणजे बराचसा. वकिलाच्या शपथेला किती वजन द्यायचं ते तुम्ही ठरवा. आम्ही ती साक्षीदारांना घ्यायला लावतो, स्वतः घेत नाही. शिवाय व्हिडिओवरून हजेरी सुरू झाल्यापासून आमच्या नाशिकच्या बार रूममध्ये इतके किस्से साठलेत, की कुठला कुणाचा तेच कळेनासं झालंय. पण सुजाताची केस माझीच.

सुजाता मनमाडची, डब्लिनला नर्स. नवरा नाशिकला. घटस्फोट दोघांच्या राजीखुशीनं. पण तारखा लांबल्या तर जावई संमती मागे घेईल, ही तिच्या वडिलांना, अण्णांना, धास्ती. म्हणून दर तारखेला ते मनमाडहून येऊन माझ्या शेजारी बसायचे.

*

पहिल्या तारखेला स्क्रीनवर दिसलं फक्त एक पोट. स्वेटरातलं.

"पक्षकार कुठे आहेत?" जज मॅडमनी विचारलं.

वरून कुठूनतरी आवाज आला, "हजर आहे, मॅडम."

जजसमोर बसायचं नसतं, असं अण्णांनी तिला बजावलं होतं! त्यामुळे पोरगी लॅपटॉपसमोर ताठ उभी. मॅडमनी बसा म्हटलं, तर म्हणाली, "नको मॅडम, ठीक आहे." तेवढ्यात लिंक तुटली. पोटावरून ओळख पटवता येत नाही. तारीख पडली.

*

पुढच्या वेळी चेहरा छान दिसला. खोलीत आणखी कुणी नाही ना, असं मॅडमनी विचारलं. सुजाता नाही म्हणाली, आणि मागून कुणीतरी घोरलं.

नाइट ड्युटी करून आलेली रूममेट, केरळची. तिला उठवलं. तिनं डोळे चोळत स्क्रीनवर काळा कोट पाहिला आणि पांघरुणासकट उभी राहून हात जोडले. अख्खं कोर्ट हसलं, नवरा सोडून. मॅडमनी सुजाताला एकटीनं बसायला बजावलं आणि पुढची तारीख दिली.

बाहेर नवऱ्यानं मला गाठलं. "वकीलसाहेब, पुढच्या खेपेला झालं नाही, तर मी काही येणार नाही. मग तुमचं तुम्ही बघा."

अण्णांनी त्या दिवशी चहासुद्धा घेतला नाही.

*

त्या पुढच्या खेपेला पट्टेवाल्यानं रिवाजाप्रमाणे व्हरांड्यात जाऊन सुजाताच्या नावाचा पुकारा केला. ती आत स्क्रीनवरून "आहे, आहे" करतेय, हा बाहेर तिची वाट बघतोय. शेवटी आत येऊन म्हणाला, "गैरहजर."

अण्णा तडक उठले, व्हरांड्यात गेले आणि तिथून ओरडले, "हजर!"

पट्टेवाल्याचं समाधान झालं. मॅडमनी तोंडाला रुमाल लावला.

*

मग मॅडमनी सुजाताला विचारलं. स्वतःची संमती आहे का, कुणाचं दडपण नाही ना, पुन्हा विचार करायचाय का.

सुजाता गप्प. लिंक गेली की काय म्हणून अण्णांनी माझा हात घट्ट धरला.

"मॅडम," ती म्हणाली, "लग्नाच्या वेळी एवढं कुणी विचारलं नव्हतं."

नवरा उभा राहिला.

"मलाही नाही, मॅडम."

निकाल झाला. अण्णांनी कॅन्टीनमध्ये मिसळ खाल्ली, वर जास्तीचे पाव मागवले आणि माझ्याही ताटलीतला रस्सा संपवला.

आता कबूल करतो. यातलं एक वाक्य माझं आहे. नवरा तेव्हा काही बोललाच नाही. त्यानं स्क्रीनकडे बघत नुसती मान हलवली, बराच वेळ. पण हलवलेली मान तुम्हाला ऐकवणार कशी?