कोलमवालीचा पत्ता

ते प्रकरण आठवलं की आजही बसल्या जागेवरून उठून कामाला लागावंसं वाटतं. दोन हजारचं दशक. मी चेन्नईत एग्मोरला सायबर गुन्ह्यांच्या पोलीस कक्षात निरीक्षक होते.

तक्रारदार मुलगी साताऱ्याची, नोकरी सॉफ्टवेअरमध्ये. चेन्नईतल्या दारांपुढच्या कोलमचे, म्हणजे तिकडच्या रांगोळ्यांचे, फोटो ती स्वतःच्या वेबसाइटवर टाकायची. लग्नाला नकार दिलेला जुना सहकारी पाठ सोडेना, म्हणून तिनं घर बदलून वेलचेरी गाठली. आठव्या दिवशी दारात टी. नगरच्या बाजारातली साडी आणि बिनसहीची चिठ्ठी : ‘इथेही सापडलीस.’

“मॅडम, हा पत्ता मैत्रिणींनाही दिलेला नाही. आता पुन्हा आला, तर नोकरी सोडून साताऱ्याला जाते.”

आधी वॉचमनला ठाण्यात बसवलं.

“तूच पत्ता सांगितलास ना?”

“नाही अम्मा! हेल्मेटही न काढता तोच मला सांगत होता, मागची इमारत, गच्चीच्या जिन्यालगतचा फ्लॅट. एवढं तर आमच्या पोस्टमनलाही ठाऊक नाही.”

ते शब्द मी डायरीत जसेच्या तसे उतरवले आणि मुलीला विचारलं, “गच्चीच्या जिन्यालगत, असं तू कुठे लिहिलंयस?”

तिनं आठवून पाहिलं. मग म्हणाली, “वेबसाइटच्या नोंदणीत. दरवर्षी मेल येते, पत्ता तपासा, चुकीचा असेल तर साइटचं नाव रद्द होईल. मी लगेच बदलला.”

मी संगणकावर साइटमालकांच्या जाहीर नोंदवहीत तिच्या साइटचं नाव टाकलं. तिचं नाव, फ्लॅट, मोबाइल, सगळं समोर! कुणालाही दिसेल असं. याच नोंदींवरून मी कितीतरी भामटे शोधले होते. सरळ माणसाचा पत्ताही तिथेच पडलेला असतो, हे कधी मनात आलं नव्हतं.

“खोटा पत्ता टाकू?”

“खोटा कशाला? माझ्या घरचा टाक. तुझी पत्रं मी घेईन.”

हवालदार हसला. “मॅडम, साडी तुम्हाला येणार!”

“येऊ दे. रंग पंचनाम्यात लिहू.”

मुलीला त्याच दिवशी महिला वसतिगृहात हलवलं. माझ्या भाड्याच्या घरावर पाटी नव्हती. साध्या वेशातले दोन शिपाई जिन्यात बसवले. हा पत्ता त्या नोंदीखेरीज कुठेच तिच्या नावावर नव्हता. जो येईल, तो तीच वाचून येणार.

शनिवारी सकाळी अकराला बेल वाजली. मी पदराला हात पुसत दार उघडलं. हेल्मेट, हातात साडीचा खोका.

“ती आहे?”

“या ना, बसा.”

तो बसला आणि शिपायांनी मागून दार लावलं.

चौकशीत तो माझ्यावरच उखडला. “पत्ता उघड्यावर होता. वाचणं गुन्हा आहे का?”

“वाचणं नाही. नको म्हटल्यावर दारात येणं, धमकावणं, हा आहे.”

चिठ्ठीतलं अक्षर त्याचंच निघालं. वॉचमननं आवाज ओळखला. दुपारपर्यंत जबाब पुरा झाला.

भामट्याचा पत्ता मिळायला एक दिवस लागला तरी चिडणारी मी बाई. पण त्या दिवसापासून माझं मत बदललं. नोंदीत पत्ता खराच हवा, पण कुलपात. पोलिसाला हवा असेल, तर कारण लिहून, खाली सही करून मागावा. मला चार दिवस थांबावं लागलं तरी चालेल.

साइट चालू राहिली. दरवर्षी ती मेल आली की मुलीचा फोन यायचा.

“अक्का, तोच ठेवू?”

“ठेव.”

निवृत्तीनंतर मी घर बदललं, तेव्हा नवा पत्ता सगळ्यांत आधी तिला कळवला.